शेवटच्या बसआधीचा बाजार

परवा संध्याकाळी माझी मुलगी सोफ्यावर पाय वर घेऊन फोनकडे टक लावून बसली होती. चवथीला, म्हणजे गणपतीला, नवा कुर्ता हवा होता. निवडून झाला होता, मैत्रिणींना दाखवून झाला होता, पण बोट काही बटणावर पडेना. मी म्हटलं, "घेऊन टाक की एकदाचा." तर म्हणाली, "थांब गं आई. शेवटच्या तासात अजून पाडतात. त्यांनाही माल संपवायचा असतो ना."

मी हातात ताटं घेऊन आत चालले होते, ती तशीच उभी राहिले. हे वाक्य माझ्या बाबांचं होतं. बाबा गेले तेव्हा ही तीन वर्षांची होती, तिनं त्यांना बाजारात कधी पाहिलंसुद्धा नाही. मग हिला हे कुणी शिकवलं? मीच, दुसरं कोण. आणि त्या वाक्यासरशी माझ्या अंगावर काटा आला, तो काही बाबांच्या आठवणीनं नाही. भाद्रपद जवळ आला की दर वर्षी असं काहीतरी निमित्त होतं आणि मी पुन्हा पेडण्याच्या बाजारात त्याच जागी जाऊन उभी राहते. सात वर्षं झाली या गोष्टीला.

माझं माहेर आमोण्याचं. बाबा डिचोलीला एका खाणीच्या कचेरीत कारकून होते आणि आमच्या घरात शेवटच्या क्षणीच्या खरेदीचे आचार्य होते. चवथीच्या आदल्या दिवशी सगळं गाव सकाळी सातला बाजारात धावायचं. बाबा मात्र दुपारी जेवून, वामकुक्षी काढून, पान लावून मग स्कूटरला लाथ मारायचे. मागे मी, मांडीवर रिकाम्या पिशव्या. त्यांचं गणित साधं होतं. सकाळचा भाव घाईवाल्यांसाठी, दुपारचा भाव पणजीहून गाडीतून येणाऱ्यांसाठी, आणि संध्याकाळचा भाव शहाण्यांसाठी. डिचोलीच्या बस स्टँडजवळ एका हॉटेलात बसून ते चहात पाव बुडवून खायचे आणि सत्तरीच्या, दोडामार्गच्या बसेस मोजायचे. सगळ्या बसेसची वेळापत्रकं त्यांना तोंडपाठ. शेवटच्या आधीची बस गेली की मला म्हणायचे, "चल आतां. भरिल्ली पाटली घरा व्हरपाची कोणाकूच खुशी आसना." पाटली म्हणजे टोपली. डोक्यावर भरून आणलेली टोपली भरलेलीच घरी न्यावी लागणं, यासारखं दुःख नाही, हे त्यांना कळत होतं. फक्त त्या कळण्याचा उपयोग ते भाव पाडायला करत.

तेव्हा मला ते फार भारी वाटायचं. अजूनही पूर्ण खोटं वाटत नाही. त्यांचा पगार मोजका होता आणि त्या मोजक्या पगारात आमची माटोळी वाड्यावर सगळ्यात भरलेली असायची.

माटोळी आमच्याकडे प्रत्येक घरी असते. गणपतीच्या डोक्यावर आढ्याला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली, नारळी-पोफळीच्या कुळागरातली फळं बांधतात. नारळांचा घड, सुपारीचा घोस, चिबूड, तवसं, तोरंजन, आंबाडे, कुड्याच्या जोडशेंगा, आणि कांगलां. कांगलां म्हणजे रानवेलीची फळं, वाटाण्याएवढी, पिवळीधमक, घोसाघोसानं येणारी. पिकून उकलली की आतून लालभडक दाणा दिसतो. खायला उपयोग शून्य. माटोळी सोडली तर कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पण कांगलां नसलेली माटोळी कुणी पाहिलीये? चवथीच्या सकाळी आरती झाली की या सगळ्याला किंमत राहत नाही, म्हणूनच आदल्या संध्याकाळचा बाजार असा घायकुतीला आलेला असतो. विकणाऱ्या बायकांना बस गाठायची असते, आणि त्यांच्या घरीही गणपती यायचा असतो. हे दुसरं आम्ही कधी मनात आणलं नाही.

लग्न होऊन मी पेडण्याला आले, तेव्हा ही विद्या बरोबर घेऊनच आले. सासूबाईंना आधी ते पटेना. त्यांना वस्तू आदल्या दिवशी सकाळीच घरात हवी. पण पहिल्याच वर्षी मी निम्म्या खर्चात दोन पिशव्या भरून आणल्या आणि त्यांनी शेजारणीला हाक मारून दाखवल्या. तिथून पुढे माटोळीचा बाजार माझ्याकडे आला. पेडण्याच्या बाजारातल्या बसेस मी पहिल्या दोन वर्षांत पाठ केल्या. मोपाच्या बाजूला जाणारी शेवटची बस सव्वासहाला.

त्या वर्षी पाऊस दिवसभर थांबून थांबून पडत होता. मी पाचला बाहेर पडले. बाजारात पाय ठेवला की त्या दिवसाचा एक वास येतो, तो वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी येत नाही: ओलं गोणपाट, फुटलेला चिबूड, चिरडलेली हळदीची पानं आणि कुठेतरी मिरच्या तळल्याचा खाट. लांब कुणाच्या तरी घरात आरतीसाठी घुमट हे मातीचं वाद्य वाजवायचा सराव चालला होता. मी सहापर्यंत नुसती फिरले. हात लावायचा, नाक मुरडायचं, पुढे जायचं. सहानंतर मग भराभर घ्यायला सुरुवात केली. कांगलांचे दोन घोस एकीकडून घेतले, तेही नावापुरत्या पैशांत. पिशव्या जड झाल्या होत्या. घरी जायला हरकत नव्हती.

तेवढ्यात ती दिसली. साठीच्या आतबाहेरची बाई, नऊवारी गुडघ्याशी खोचलेली, टोपल्या एकात एक घालून उठायच्या तयारीत. तिचा माल संपला होता. मी तिच्याकडून आधीची दोन-तीन वर्षं आंबाडे घेतले होते, म्हणून हसले. ती हसली. आणि तिनं वरची टोपली हलवली तेव्हा खालच्या गोणपाटाखाली मला पिवळं दिसलं.

कांगलां होती. असा घोस मी त्या दिवशी सबंध बाजारात पाहिला नव्हता. भरगच्च, एकसारखा, निम्मी फळं नुकती उकललेली. सगळे घोस केळीच्या सोपटानं बांधलेले असतात, हा एका कापडाच्या पट्टीनं बांधला होता. चौकटीचं कापड, शर्टाचं वाटावं असं.

"मावशी, हे लपवून ठेवलंय काय?" मी म्हटलं.

"ती विकूची न्हय गो बाय," ती म्हणाली. "घरची ती. रवळनाथाच्या पायाक लावन घरा व्हरूची आसत."

मला हसू आलं. बाबांनी शिकवलं होतं, देवाचं नाव आलं की समजावं, आता भाव चढणार. मी खाली वाकून घोस उचलला. म्हटलं, "घरात तुमच्या रानभर कांगलां असतील. मला द्या हा. तीस रुपये घ्या."

"न्हय गो. खराच न्हय."

"चाळीस."

बस येऊन उभी राहिली होती. कंडक्टर आमच्याकडेच बघत होता. ती उभी राहिली, एका हातानं टोपल्या सावरल्या, दुसरा हात घोसाकडे पुढे केला. मी घोस सोडला नाही. उलट त्या पुढे केलेल्या हातात दोन वीसच्या नोटा कोंबल्या आणि म्हटलं, "मावशी, बस जातली बघ तुजी."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तिनं बसकडे पाहिलं, मग घोसाकडे, मग माझ्याकडे. पदर डोक्यावर ओढून चिखलातून बसकडे पळत गेली. बस हलली तेव्हा ती मागच्या दारात एका पायावर उभी होती, टोपल्या कुणीतरी आतून धरल्या होत्या.

मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर, आनंद झाला. सकाळी असा घोस दीडशेला गेला असता. मी तोच आनंद घेऊन घरी आले, सासूबाईंना दाखवला, आणि त्या बाईचा "न्हय गो" असा सूर काढून त्यांना हसवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पहाटे आमचे हे स्टुलावर चढून माटोळी बांधायला लागले. मी एकेक वस्तू खालून देत होते. स्वस्त मिळालं म्हणून इतकं आणलं होतं की अर्ध्यातच चौकट भरली. आधीच्या दोन घोसांनी कांगलांची जागा घेतली. एक पिशवी तशीच राहिली. हे म्हणाले, "आता पुरे कर, आढं खाली येईल." गुरुजी दारात आले होते. मी ती पिशवी मागच्या पडवीत भाताच्या पिंपामागे सरकवली आणि हात धुऊन आरतीला आले. पाच दिवस पाहुणे, नेवऱ्या, भजनं. पिशवी माझ्या डोक्यातून साफ गेली.

विसर्जनानंतर दोन दिवसांनी पडवीत वास यायला लागला. पिंप सरकवलं तर पिशवी. वरची तोरंजनं बुळबुळीत होऊन खाली गळली होती आणि त्या राड्यात तो घोस होता. फळं काळी पडलेली, लाल दाणे पिशवीच्या तळाशी सुटून पडलेले, चिलटं उठत होती. कापडाची पट्टी मात्र तशीच्या तशी, गाठ पक्की. मी चिमटीनं धरून वर उचलली तेव्हा दिसलं, ती नुसती पट्टी नव्हती. शर्टाच्या बाहीचा कफ होता. टोकाला पांढरं बटण अजून शिवलेलं होतं.

तिथे, त्या पडवीत, मला पहिल्यांदा समजलं की ती बाई खरं बोलत होती. विकायच्या घोसाला कुणी अंगावरच्या शर्टाची बाही फाडून बांधत नाही. हा कुणीतरी घरच्या देवासाठी बांधला होता. मला लाज वाटली. लाजेपेक्षाही भीती जास्त वाटली, कसली ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. पिशवी मी परसाच्या कोपऱ्यात खड्डा काढून पुरली आणि घरात कुणाला काही बोलले नाही. पुढच्या पावसात त्या जागी वेल उगवते का म्हणून मी रोज बघत होते. टाकळा उगवला, दुसरं काही नाही.

तेव्हापासून एक घर माझ्या मागे लागलं. मी ते कधी पाहिलेलं नाही. मोपाच्या पठाराच्या उतारावर कुठेतरी असेल. पुढच्या खोलीत गणपती, वर माटोळी, आणि त्या माटोळीत एक मोकळी जागा. दिवे कमी झाले की मला ती जागा दिसते. आमच्या घरी आरतीला सगळे हात जोडून मूर्तीकडे बघत असतात आणि माझी नजर वर जाते. कुणी पाहुणा म्हणतो, "वा, काय भरलीये माटोळी!" तर मी नैवेद्याचं ताट उचलून आत जाते. जास्त पिकलेल्या चिबडाचा वास आला की मी उठून पडवीत जाते, पिंपामागे वाकून बघते. तिथे काही नसतं, हे मला माहीत असतं. तरी बघते. एकदा मुलीनं विचारलं, "काय हरवलंय?" मी म्हटलं, "काही नाही."

दुसऱ्या वर्षी मी तिला शोधायला गेले. तिच्या जागेवर दुसरीच बाई चिबूड मांडून बसली होती. तिच्या पुढल्या वर्षी तिथे पणत्यांचं दुकान. मधली दोन वर्षं तर तोंडाला फडकी बांधून बाजार झाला, त्यात कोण कुणाला ओळखणार? दरम्यान पठार सपाट झालं, विमानं उतरायला लागली. आता मी परसात कपडे वाळत घालत असते आणि डोक्यावरून विमान खाली खाली येत मोपाकडे जातं, तेव्हा मनात येतं, ते घर आहे का अजून तिथे? ती आहे का?

मी सकाळचा बाजार करायला लागले. सातला जायचं, सांगितलेला भाव द्यायचा, यायचं. सासूबाई म्हणाल्या, "तुला झालंय तरी काय? हात सैल सुटला तुझा." मी म्हटलं, "गुडघे दुखतात, संध्याकाळी उभं राहवत नाही." त्यांनी तेल आणून दिलं. मी ते गुडघ्यांना चोळलंसुद्धा.

आणि गेल्या वर्षी ती दिसली.

सकाळचे साडेसात. बाजाराच्या पायऱ्यांपाशी, एका पत्र्याच्या आडोशाला बसली होती. केस पार पांढरे, अंगानं निम्मी झालेली. कपाळ मोकळं होतं. आधी मला ते कपाळच दिसलं. पुढ्यात आंबाडे होते, घागऱ्यांच्या शेंगा होत्या, आणि कांगलांचे चार-पाच लहान घोस. मी समोर जाऊन उकिडवी बसले. काय बोलायचं ते इतकी वर्षं मनात घोकलं होतं: मावशी, तो घोस मी घ्यायला नको होता, आणि घेतला तो मी बांधलासुद्धा नाही, माझ्या घरात कुजला. एवढंच. तीन वाक्यं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू ती बस सुटताना इल्ली बाय न्ही गो?"

मी मान हलवली. "मावशी, त्या वर्षी मी..."

"तेचां काय नाय गो," ती म्हणाली. आंबाड्यांवर पाणी शिंपडत बोलत होती, जणू कालचीच गोष्ट. "घोव माजो पडान होतो तेन्ना. दर वर्सा तोच रानात जाय, तोच पयली कांगलां बांधी. त्या वर्सा पाय चलत नाय होते. तरी कुंपणाक धरान धरान परसात गेलो, गडग्यावयल्या वेलीची तोडलीन. बांधूक कायच गावना, मगे शर्टाचो हात फाडलोन." ती हसली. "देवाक लावन हाड, म्हणालो. मी हाडलंय, आणि ती तू व्हेलंस."

पाणी शिंपडून झालं. तिच्या नवऱ्यानं घरच्या देवासाठी बांधलेला घोस मी नेला होता.

"घरा गेलंय तर खाटीर पडान इचारी, बांधलंस गो? तेका थंयसून माटोळी दिसा नाय. मी सांगलंय, बांधली. दसऱ्याआदी गेलो तो. तेवढाच इचारलान होता, दुसरा कायच मागलान नाय." मग तिनं हातातला तांब्या बाजूला ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "माका मगे वाटलां, मी खोटा कित्याक सांगलंय? बांधली ती बांधलीच. माज्या घरात नाय तर तुज्या घरात. देवाच्या माथ्यार रवली म्हणजे झाला. न्ही गो?"

मी पुढ्यातला एक आंबाडा उचलून परत ठेवला.

"बांधली मगे, बाय?"

तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. इतकी वर्षं तिलाही उत्तर हवं होतं, हे मला त्या चेहऱ्यावर दिसलं. माझी तीन वाक्यं ओठांशी आली होती.

"होय मावशी," मी म्हटलं. "बांधली. अगदी मधोमध."

तिनं डोळे मिटले, हात जोडले, पुटपुटत काहीतरी म्हणाली. मग पुढ्यातले घोस चाळून त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि माझ्या पिशवीत घातला. मी पाकीट उघडलं तर माझा हात धरला. "पैशे नाका. तेच्या नावान बांध."

तिनं नवऱ्याला खोटं सांगितलं ते त्याच्यासाठी. मी तिच्यासाठी बोलले, असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत होते. पण मला ठाऊक आहे, मला फक्त तिथून उठून निघायचं होतं. तो घोस मी त्याच्या नावानं बांधला, मधोमध बांधला, आणि त्याचा एक पैसाही मी दिला नाही. इतक्या स्वस्तात मी आजवर काहीच घेतलेलं नाही.